महिला बास्केटबॉलचा प्रेक्षक कसा वाढला

अमेरिकेत ७ एप्रिल २०२४ रोजी झालेला महाविद्यालयीन महिला बास्केटबॉलचा अंतिम सामना दूरचित्रवाणीवर सुमारे १ कोटी ८९ लाख लोकांनी पाहिला, तर दुसऱ्या दिवशी झालेल्या पुरुषांच्या अंतिम सामन्याला त्याहून सुमारे ४० लाख प्रेक्षक कमी लाभले. महिलांच्या सामन्याने पुरुषांच्या सामन्याला प्रेक्षकसंख्येत मागे टाकण्याची ही पहिलीच वेळ होती.

या यशाचे श्रेय बहुधा केटलिन क्लार्क या एकाच खेळाडूला दिले जाते आणि ते काही अंशी रास्तही आहे. आयोवा विद्यापीठाकडून खेळताना तिने ३,९५१ गुण नोंदवून महाविद्यालयीन बास्केटबॉलच्या सर्वोच्च श्रेणीत पुरुष व महिला या दोहोंतील उच्चांक प्रस्थापित केला. बास्केटपासून सुमारे पावणेसात मीटरवर आखलेल्या कमानीबाहेरून चेंडू बास्केटमध्ये टाकल्यास दोनऐवजी तीन गुण मिळतात. क्लार्क मात्र या रेषेच्याही बऱ्याच मागून, मैदानाच्या मध्यावरील बोधचिन्हाजवळून फेक करते, त्यामुळे प्रतिस्पर्ध्यांना तिला अडवण्यासाठी दूरवर पुढे यावे लागते आणि बास्केटजवळची जागा तिच्या सहकाऱ्यांसाठी मोकळी होते.

तथापि, अशी खेळाडू घडण्यासाठी लागणारी भूमी अनेक दशके आधी तयार होत होती. सरकारी निधी घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत लिंगभेदास मनाई करणारा ‘टायटल नाइन’ हा कायदा १९७२ मध्ये झाला आणि त्यामुळे शाळा-महाविद्यालयांत मुलींचे संघ व त्यांच्यासाठी क्रीडा शिष्यवृत्त्या वाढत गेल्या. १९९७ मध्ये आठ संघांनिशी ‘डब्ल्यूएनबीए’ ही व्यावसायिक महिला स्पर्धा सुरू झाली. परंतु तिची पहिली चारही विजेतेपदे जिंकणारा ह्यूस्टन कॉमेट्स हा संघ नवा मालक न मिळाल्याने २००८ मध्ये बंद पडला, यावरून उणीव गुणवत्तेची नसून पाठबळाची होती, हे दिसून येते. २०२१ च्या महाविद्यालयीन स्पर्धेत पुरुषांसाठी प्रशस्त व्यायामशाळा उभारली असताना महिलांच्या वाट्याला डंबेल्सची एक छोटी मांडणी आली. एका खेळाडूने त्याची चित्रफीत प्रसृत केल्यावर मोठा क्षोभ उसळला आणि पुढील वर्षापासून ‘मार्च मॅडनेस’ हे प्रतिष्ठेचे नाव महिलांच्या स्पर्धेलाही मिळाले.

संधी दिली की प्रेक्षक येतो, हे व्यावसायिक स्पर्धेतही सिद्ध झाले. ‘डब्ल्यूएनबीए’तील वॉशिंग्टन मिस्टिक्स या संघाचे नेहमीचे क्रीडागृह जेमतेम चार हजार आसनांचे आहे. क्लार्क खेळत असलेल्या इंडियाना फीव्हर या संघाविरुद्धचा सप्टेंबर २०२४ मधील सामना शहरातील मोठ्या क्रीडागृहात हलवताच २०,७११ प्रेक्षक आले आणि तो या स्पर्धेच्या नियमित हंगामातील विक्रम ठरला.

खेळाडूंच्या मोबदल्याचा प्रश्न मात्र या लोकप्रियतेमुळे अधिकच ठळक झाला. ‘डब्ल्यूएनबीए’त क्लार्कचे पहिल्या वर्षाचे मूळ वेतन सुमारे ७६,५०० डॉलर होते, आणि अल्प वेतनामुळे अनेक नामवंत खेळाडू वर्षानुवर्षे हंगाम नसलेल्या काळात परदेशी संघांकडून खेळत आल्या. २०२६ पासूनच्या ११ वर्षांच्या प्रसारणहक्कांसाठी सुमारे २२० कोटी डॉलरचा करार जाहीर झाल्यानंतर, २०२५ च्या ऑल-स्टार सामन्यापूर्वी खेळाडूंनी ‘आमचे देणे चुकते करा’ अशी मागणी छापलेले सदरे घालून सराव केला. ही मागणी न्याय्य आहे, कारण ज्या गुणवत्तेवर हा करार उभा आहे ती पाठबळाच्या अभावातही टिकवून धरली ती खेळाडूंनीच; म्हणून वाढत्या उत्पन्नातील वाजवी वाटा हा त्यांचा हक्क ठरतो.