खेळाची लीग आणि गावचे मंडळ

संध्याकाळची वेळ आहे. कळंबच्या किनाऱ्यावर ओहोटी लागली आहे. सुरूच्या झाडांपलीकडची ओली वाळू घट्ट झाली आहे. पोरे पायाच्या अंगठ्याने रेघा ओढतात आणि कबड्डीचा डाव मांडतात. हे आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. आपणही खेळलो आहोत. जुनी माणसे या खेळाला हुतूतू म्हणत.

त्या खेळात पैसा नव्हता. जिंकले तर एखादी ढाल मिळे, हरले तर खरचटलेले गुडघे घेऊन घरी यायचे. पण आता टेलिव्हिजनवर काय ऐकू येते? २०२३ साली पवन सेहरावत या खेळाडूवर एका संघाने २ कोटी ६० लाख ५० हजार रुपयांची बोली लावली. घरातले आजोबा विचारतात, "अरे, दम घेऊन पळायचे एवढे पैसे? कोण देतो? आणि का म्हणून देतो?"

आजोबांचा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर नीट समजून घेऊ.

खेळाडू दोन तऱ्हेचे असतात. एक हौशी, दुसरा धंदेवाईक. हौशी खेळाडू आनंदासाठी खेळतो. धंदेवाईक खेळाडूला खेळण्याची मजुरी मिळते. धंदेवाईक म्हटले की काही लोक नाक मुरडतात. तसे मुरडायचे कारण नाही. जत्रेतल्या कुस्तीच्या फडात पैलवान इनामासाठीच लढतो. पटका आणि रोख रक्कम घेऊन तो घरी जातो. त्याला कोणी नावे ठेवीत नाही. अंग मोडून खेळायचे तर खुराक लागतो, आणि खुराक फुकट मिळत नाही.

आता लीग म्हणजे काय ते पाहू. आपल्या गावच्या स्पर्धा बहुधा 'बाद' पद्धतीच्या असतात. हरला तो घरी गेला. आठ संघ आले तर सात सामन्यांत सगळा निकाल लागतो. पण चार संघ एकच सामना खेळून परत जातात. वर्षभर घाम गाळला, आणि चाळीस मिनिटांत सगळे संपले! लीगमध्ये तसे होत नाही. तिथे 'साखळी' असते. प्रत्येक संघ प्रत्येकाशी खेळतो. आठ संघांची एक साखळी म्हणजे २८ सामने. दोन वेळा खेळले तर ५६. सामने जास्त, म्हणून प्रेक्षक जास्त वेळा येतात. म्हणून खेळाडूला मजुरी देता येते. सगळे गणित इथेच आहे.

कबड्डीची मोठी लीग, प्रो कबड्डी, २६ जुलै २०१४ रोजी मुंबईत सुरू झाली. पहिल्या वर्षी आठ संघ होते आणि सामने झाले ६०. म्हणजे साखळीचे ५६ आणि शेवटचे चार. पुढे २०१७ पासून बारा संघ झाले. मुंबईचा यू मुंबा संघ २०१५ साली जिंकला. पुण्याचा पुणेरी पलटण २०२४ च्या मार्चमध्ये पहिल्यांदा जिंकला.

या लीगमागे एक कंपनी आहे. ती सामने भरवते. प्रत्येक संघाचा मालक वेगळा असतो. तो संघ चालवण्याचा हक्क पैसे भरून घेतो. पैसा येतो कुठून? थोडा तिकिटांतून येतो. मोठा हिस्सा येतो तो टेलिव्हिजन आणि जाहिराती यांतून. लोक सामना पाहतात, म्हणून साबणवाला आणि सिमेंटवाला आपले नाव खेळाडूच्या सदऱ्यावर छापायला पैसे देतो. म्हणजे, आजोबा, पैसा शेवटी पाहणाराच देतो. फक्त तो साबणाच्या वडीतून देतो, एवढेच.

खेळाडू कोणत्या संघात जाणार हे लिलावात ठरते. लिलाव म्हटला की बैलबाजार आठवतो. पण इथे माणूस विकला जात नाही. त्याने आपले नाव स्वतः दिलेले असते आणि ठरावीक मुदतीचा करार होतो. प्रत्येक संघाची थैली ठरलेली असते. २०२३ च्या लिलावात ती पाच कोटींची होती. त्यापुढे एक पैसाही खर्च करायचा नाही. हा नियम का? थैलीला तोंड नसते तर सर्वांत श्रीमंत मालकाने सगळे चांगले गडी उचलले असते. मग निकाल आधीच ठाऊक झाला असता, आणि ठाऊक असलेला सामना पाहायला कोण येणार? लीगमध्ये प्रतिस्पर्धीही थोडा बलवान राहावा लागतो. किराणा दुकानात शेजारचे दुकान बंद पडले तर आपला फायदा होतो. लीगमध्ये शेजारचा संघ बुडाला तर आपणही बुडतो. हे ज्याला कळले त्याला लीग कळली.

कोटीची गोष्ट ऐकून पोरांनी मात्र हुरळून जाऊ नये. २०१४ च्या लिलावात सर्वांत मोठी बोली होती १२ लाख ८० हजारांची. एक कोटीची पहिली बोली २०१८ साली लागली. ती यू मुंबाने इराणच्या फजल अत्राचलीवर लावली. २०२३ साली सर्वांत खालच्या गटातल्या खेळाडूची बोली नऊ लाखांपासून सुरू होत होती. नऊ लाखही थोडे नाहीत. पण ज्याच्यावर बोलीच लागली नाही, त्याला शून्य. बारा संघांत मिळून जागा किती? दोन-तीनशे. आणि खेळणारी पोरे लाखांनी. म्हणूनच पुष्कळ चांगले खेळाडू रेल्वेत, पोलिसांत, बँकेत किंवा कंपनीत खेळाच्या जोरावर नोकरी मिळवतात. ती वाट अजून अधिक भरवशाची आहे असे आम्हांला वाटते.

मुलींचे तर आणखी कठीण. २०१२ साली पाटण्याला स्त्रियांचा पहिला विश्वचषक झाला, तो भारताने जिंकला. त्या संघात आपल्या महाराष्ट्राच्या अभिलाषा म्हात्रे, दीपिका जोसेफ आणि सुवर्णा बारटक्के होत्या. २०१६ साली प्रो कबड्डीबरोबर स्त्रियांच्या तीन संघांची छोटी स्पर्धा ठेवली. अंतिम सामना एका गुणाने सुटला, इतका चुरशीचा झाला. पण पुढच्या वर्षी ती स्पर्धा झाली नाही. ही गोष्ट चांगली झाली नाही.

मोठ्या लीगचे एवढे पुरे. आपल्याला खरा उपयोग आहे तो लहान लीगचा. एका मुलखापुरती, पाच-दहा गावांची लीग चालू शकते का?

परदेशातले एक उदाहरण घेऊ. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया नावाचा प्रांत आहे. तिथे स्टॉवेल हे गाव आहे. एके काळी तिथे सोन्याच्या खाणी होत्या. १८७८ साली त्या गावच्या लोकांनी ईस्टरच्या सुटीत धावण्याची शर्यत ठेवली आणि तिला रोख बक्षीस लावले. ती शर्यत अजून चालू आहे. हिरवळीवर १२० मीटर पळायचे असते. पुढे १८९५ साली त्या प्रांताची लीग स्थापन झाली. उन्हाळ्यात गावोगाव शर्यती होतात. धावणारे या गावाहून त्या गावाला जातात.

यातली गंमत ऐका. तिथे सगळे एका रेघेवरून पळत नाहीत. जो फार वेगवान, तो मागच्या रेघेवर. जो कमी वेगवान, त्याला काही मीटर पुढे उभे करतात. त्यामुळे सगळे शेवटी जवळजवळ बरोबर येतात आणि पाहणाऱ्यांचा श्वास अडकतो. पण यात लबाडीला वाव आहे. एखादा मुद्दाम चार शर्यतींत हळू पळतो. मग मोठ्या शर्यतीत त्याला पुढची रेघ मिळते! म्हणून त्या लीगला पंचांचे स्वतंत्र मंडळ ठेवावे लागते. कोण मुद्दाम हळू पळाला हे ते पाहतात आणि त्याला शिक्षा करतात. म्हणजे बघा, बक्षीस लावणे सोपे, पण त्याच्यामागून येणारी लबाडी रोखणे हेच लीगचे निम्मे काम.

आता आपल्याकडे येऊ. समजा, आठ गावांनी लीग काढली: कळंब, राजोडी, निर्मळ, गास, भुईगाव, वाघोली, आगाशी, अर्नाळा. भातकापणी झाली आहे. दर रविवारी चार सामने ठेवले तर प्रत्येक गाव रविवारी एकदा खेळते. सात रविवारांत २८ सामने पुरे होतात. डिसेंबरचा शेवटचा आठवडा तेवढा मोकळा ठेवावा. नाताळ असतो, आणि वसईचा कला-क्रीडा महोत्सवही असतो. आपलीच माणसे तिकडे जाणार, मग मैदान रिकामे राहील.

खर्च मांडू. आकडे अंदाजाचे आहेत, तुम्ही तुमचे घाला. मैदान, दिवे, पाणी, पंचांचे मानधन यांना रविवारी १५,००० रुपये. सात रविवारांचे झाले १,०५,०००. संघात बारा खेळाडू, सात आत आणि पाच राखीव. प्रत्येकाला सामन्याचे २५० रुपये धरले तर सगळ्यांचे होतात १,६८,०००. औषधपाणी आणि अपघाताचा विमा २७,०००. बक्षिसे ५०,०००. एकूण साडेतीन लाख.

आता जमा. आठ मंडळांची प्रवेश फी प्रत्येकी १५,००० म्हणजे १,२०,०००. जाहिराती १,५०,०००. रविवारी चारशे माणसे वीस रुपयांचे तिकीट काढतील असे धरले तर सात रविवारांचे ५६,०००. एकूण ३,२६,०००.

तूट किती आली? २४,००० रुपयांची. ती कुठून भरायची? बहुतेक ठिकाणी खेळाडूची मजुरी थकवतात. "पुढच्या महिन्यात देऊ रे," असे म्हणतात. आणि फलकावर बक्षिसाचा मोठा आकडा मात्र तसाच झळकत राहतो. आमचे म्हणणे उलटे आहे. बक्षीस ५०,००० वरून २६,००० वर आणा. तूट मिटली. मजुरीला आणि विम्याला हात लावू नका. गुडघ्याच्या आतला बंध तुटला की खेळाडू कित्येक महिने घरी बसतो. फुलांची वाडी असो की होडी, घरचे कामही तेवढे दिवस अडते. त्याच्या घरच्यांनी तेव्हा कोणाच्या दारात जायचे?

पैशाअभावी मोठ्या लीगाही बंद पडतात. हॉकीची लीग २०१३ साली निघाली, २०१७ नंतर थांबली. ती पुन्हा सुरू व्हायला २०२४ चा डिसेंबर उजाडला. मध्ये सात वर्षे गेली. खेळाडूच्या आयुष्यात सात वर्षे म्हणजे सगळे तारुण्य.

लीग ही मंडळांवर उभी असते. मंडळ कच्चे तर लीग कच्ची. म्हणून मंडळ आधी नोंदवावे. त्याला किमान सात सभासद लागतात. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली धर्मादाय कार्यालयात नोंदणी होते. मग बँकेत मंडळाच्या नावाने खाते उघडता येते. ते दोन सह्यांचे ठेवा. एकट्याच्या सहीने पैसे निघू नयेत. सभेत काय ठरले ते वहीत लिहा. वर्षाचा हिशेब तपासून घ्या. कार्यकारी मंडळ बदलले तर ९० दिवसांच्या आत कार्यालयाला बदल अर्ज द्यावा लागतो. पुष्कळ मंडळे हे विसरतात. मग दहा वर्षांनी भांडण निघते, आणि कागदावर अजून वारलेल्या माणसाचे नाव अध्यक्ष म्हणून असते.

लीगच्या समितीत प्रत्येक मंडळाला एक मत द्यावे. गाव मोठे म्हणून दोन मते नकोत. पंच मात्र बाहेरचे आणावेत. जिल्ह्याच्या कबड्डी संघटनेकडे परीक्षा पास झालेले पंच असतात. आणि ज्याच्याकडे तिजोरी, त्याच्याकडे हिशेबाची वही नको.

तुम्ही म्हणाल, एवढी कटकट कशाला? सगळी आपलीच माणसे. पण देशाच्या कबड्डी संघटनेचेच पाहा. २०१८ साली दिल्ली उच्च न्यायालयाने तिच्या अध्यक्षाची निवडणूक रद्द केली आणि कारभार प्रशासकाकडे दिला. निवडून आलेल्या समितीच्या हाती कारभार यायला २०२५ साल लागले. त्याच २०१८ साली आशियाई स्पर्धेत आपले पुरुष उपांत्य सामन्यात इराणकडून हरले. १९९० पासून सुवर्णपदक आपल्याकडेच होते. हरण्याचे कारण इराणचा चांगला खेळ, कोर्ट नव्हे. पण घरात भांडण असले की शेजारी पुढे जातो, हेही खरे.

याच खेळाला १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने जर्मनीत, बर्लिनला नेले होते. ऑलिंपिकच्या वेळी तिथे त्यांनी हुतूतू खेळून दाखवला. एका गावच्या आखाड्यातून निघालेले मंडळ! वह्या नीट ठेवणारे मंडळ कुठवर जाऊ शकते ते यावरून दिसते.

आता शेवटची गोष्ट, खेळणाऱ्या पोरांसाठी आणि त्यांच्या आईबापांसाठी. लीगचा कागद सहीला आला तर आधी तो वाचा. तुम्हांला आता वाचता येते. घाई करणाऱ्याला "उद्या सही देतो" म्हणून सांगा. कागदात चार गोष्टी शोधा. किती सामन्यांचे किती पैसे? ते कोणत्या तारखेला मिळणार? दुखापत झाली तर दवाखान्याचा खर्च कोण देणार, आणि त्या दिवसांची मजुरी मिळणार का? दुसऱ्या मंडळाकडून खेळायला कधी मोकळीक मिळणार? यांतली एखादी गोष्ट नसेल तर ती शाईने लिहून घ्या आणि तिथे दोघांच्या सह्या घाला. कागदाच्या दोन प्रती करा. एक त्यांच्याकडे राहील. दुसरी घरी पेटीत, रेशनकार्डाजवळ ठेवा.