शेजारधर्माचा नट : वऱ्हाडचे गजानन जागीरदार

१९४१ साली पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीने एकच कथा ‘शेजारी’ या नावाने मराठीत आणि ‘पडोसी’ या नावाने हिंदीत पडद्यावर आणली, तेव्हा मुस्लिम लीगच्या लाहोरच्या ठरावाला जेमतेम वर्ष लोटत होते आणि हिंदू व मुसलमान ही दोन निरनिराळी राष्ट्रे होत, हा सिद्धान्त सभासंमेलनांतून उच्च स्वराने मांडला जात होता. अशा वेळी दिग्दर्शक व्ही. शांताराम यांनी हिंदी आवृत्तीतील हिंदू शेजाऱ्याचे काम मझहर खान या मुसलमान नटाकडे सोपवावे, आणि मिर्झा या मुसलमान शेजाऱ्याचे काम गजानन जागीरदार या मराठी ब्राह्मणी वळणाच्या नटाकडे द्यावे, ही योजना केवळ चमत्कृतीसाठी केलेली नव्हती. जो विचार पडद्यावर सांगावयाचा, तो पात्रयोजनेतच आधी आचरून दाखवावयाचा, असा त्यामागचा निश्चय होता. मराठी आवृत्तीत हिंदू शेजाऱ्याची, म्हणजे जिवबाची, भूमिका केशवराव दाते यांनी केली; मिर्झा मात्र दोन्हीकडे जागीरदारच होते. पिकलेली दाढी, किंचित वाकलेले खांदे आणि बुद्धिबळाच्या पटावरून मित्राकडे टाकलेली ती लटक्या रागाची नजर पाहताना या नटाचे वय तेव्हा पस्तीस वर्षांचेही नव्हते, याची प्रेक्षकाला शंकाही येत नाही.

हा नट वऱ्हाडचा. २ एप्रिल १९०७ रोजी अमरावतीस त्यांचा जन्म झाला. अमरावती आणि अकोला या गावांची जोडी कापसाच्या बाजारामुळे सर्वांस ठाऊक आहे. परंतु राज्यकारभाराच्या दप्तरांतूनही ही दोन नावे जोडीनेच वावरली आहेत. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला, त्यानंतर या मुलखाचे पूर्व वऱ्हाड आणि पश्चिम वऱ्हाड असे दोन भाग पाडले गेले. पहिल्याचे ठाणे अमरावतीस आणि दुसऱ्याचे अकोल्यास बसले. त्याआधी, अठराव्या शतकातला, इतिहास दोअमलीचा आहे. निजामाचा अंमल आणि नागपूरकर भोसल्यांचा अंमल एकाच गावावर, एकाच पिकावर चालत असे, आणि रयतेला दोन सरकारांच्या कमाविसदारांना तोंड द्यावे लागे. या दोअमलीने वऱ्हाडी कुणब्याचे हाल केले, यात संशय नाही. पण अचलपूर, बाळापूर, अकोट, कारंजा अशा कसब्यांतून मराठी आणि उर्दू या दोन भाषा एका ओट्यावर बसून बोलण्याची जी सवय या मुलखाला लागली, तीही याच इतिहासातून आली. १९०२ च्या करारान्वये वार्षिक पंचवीस लाख रुपयांच्या मोबदल्यात निजामाने हा मुलूख कायम पट्ट्याने दिला, आणि पुढल्या वर्षी तो मध्यप्रांताला जोडला गेला. जागीरदारांचा जन्म झाला तेव्हा ही घडी बसून चारच वर्षे झाली होती. बाजारातले हिशेब, कोर्टातले अर्ज, पेठेतली भांडणे, सगळ्यांत फारसी-उर्दूचे शब्द मराठीच्या अंगवळणी पडलेले होते. पुणेरी नटाच्या तोंडी उर्दू पुष्कळदा पाठ केलेली वाटते. जागीरदारांच्या तोंडी ती परकी वाटत नाही, आणि याचे मूळ मला या मुलखातच दिसते.

नाटकाचे म्हणाल, तर त्या काळची अमरावती ही नाट्यदृष्ट्या आडगाव मुळीच नव्हती. १९०५ साली मुंबईत पहिले नाट्यसंमेलन भरले, त्याचे अध्यक्षपद अमरावतीच्या गणेश श्रीकृष्ण तथा दादासाहेब खापर्डे यांच्याकडे आले होते. टिळकांचा हा उजवा हात वकिलीच्या आणि राजकारणाच्या धकाधकीतही नाटकमंडळ्यांचा आश्रयदाता म्हणून ओळखला जात होता. याच गावचे वीर वामनराव जोशी. त्यांचे ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’ हे नाटक ललितकलादर्श या नाटकमंडळीने १९१३ मध्ये रंगभूमीवर आणले, आणि पुढे ‘रणदुंदुभि’ बलवंत संगीत मंडळीने गाजविले. तुरुंगवास भोगलेल्या देशभक्ताने नाटक लिहावे आणि प्रतिष्ठित वकिलाने नाटकवाल्यांच्या पंक्तीला आनंदाने बसावे, अशा गावात वाढलेल्या मुलाला नट होणे म्हणजे कुळाला बट्टा लावणे, असे वाटण्याचे कारण नव्हते.

जागीरदार सिनेमात आले ते प्रभात कंपनी कोल्हापुरात होती तेव्हा. १९३२ मधील ‘जलती निशानी’ हे त्यांचे आरंभीचे काम. बोलपट नुकताच जन्मला होता. रंगभूमीवरचे मोठमोठे नट ध्वनिक्षेपकासमोर उभे राहून शेवटच्या रांगेतील प्रेक्षकासाठी ओरडत होते, आणि पडद्यावर शेवटची रांग नसतेच, हे उमगण्यास पुष्कळांना कित्येक वर्षे लागली. जागीरदारांना ते लवकर उमगले. त्यांनी अभिनयाबरोबरच पटकथा आणि दिग्दर्शन ही अंगेही त्या दशकात हस्तगत केली, आणि या तिहेरी अभ्यासाचा परिणाम त्यांच्या अभिनयात असा दिसतो की, त्यांचे पात्र प्रसंगाच्या बाहेर कधी डोके काढीत नाही.

‘शेजारी’कडे पुन्हा वळावयाचे ते एका दुसऱ्या अमरावतीकरासाठी. या चित्रपटाचे लेखक विश्राम बेडेकर हेही अमरावतीचेच. १९०६ सालचा त्यांचा जन्म, म्हणजे दोघांत वर्षाचेही अंतर नाही. चित्रपटकलेच्या अभ्यासासाठी बेडेकर इंग्लंडला गेले. महायुद्धाच्या सावटाखाली जहाजाने परतताना युरोपातून जीव घेऊन पळणारे ज्यू निर्वासित त्यांनी पाहिले, आणि त्यातून १९३९ मध्ये ‘रणांगण’ ही त्यांची एकुलती एक कादंबरी जन्मली. एका मराठी तरुणाची आणि एका जर्मन ज्यू तरुणीची ती गाठभेट वाचल्यानंतर जो ‘शेजारी’ पाहील, त्याला या दोन कृती एकाच अंतःकरणातून निघाल्या आहेत हे सांगावे लागणार नाही. कादंबरीत दोन माणसांच्या मध्ये राष्ट्रे उभी राहतात. चित्रपटात गावकीच्या पातळीवर तेच घडते. धरण बांधू पाहणाऱ्या ओंकार या धनिकाला गावची एकी आड येते, आणि ही एकी ज्या दोन म्हाताऱ्यांच्या मैत्रीवर उभी आहे त्या मैत्रीलाच तो चूड लावतो. येथे कोणाचा देव कोणाच्या देवाशी भांडत नाही. जमिनीवर डोळा असलेला एक धनिक शेजाऱ्याला शेजाऱ्यावर सोडतो. दंग्यांच्या मुळाशी धर्मापेक्षा हितसंबंध असतात, हे इतक्या स्वच्छपणे सांगणारा चित्रपट त्या काळी हिंदुस्थानात दुसरा नव्हता, असे माझे मत आहे.

अशा कथेत नटावर मोठी जबाबदारी येते. मिर्झा जरा भाबडा झाला की तो सज्जन मुसलमानाचा पुतळा बनतो, जरा तापट झाला की त्याच्यावर अन्याय होतो. जागीरदारांनी त्याला हट्टी, मानी, घरंदाज आणि आतून मऊ असा एक खराखुरा म्हातारा केला. मैत्री तुटल्यानंतरच्या प्रसंगांत हा मिर्झा रडत नाही. जुन्या मित्राच्या घराकडे न पाहण्याचा त्याचा प्रयत्न एवढा उघड असतो की, पाहणाऱ्याचेच डोळे त्या घराकडे वळतात. धरण फुटते आणि दोघे मित्र एकमेकांचा हात धरून पाण्याच्या लोंढ्यात नाहीसे होतात, तो शेवट तांत्रिक करामतीसाठी नावाजला गेला. पण त्या लोंढ्याला अर्थ येतो तो आधीच्या तासभराच्या संयमामुळे.

याच सुमारास आचार्य अत्र्यांसाठी ‘पायाची दासी’ आणि ‘वसंतसेना’ या चित्रपटांचे दिग्दर्शन त्यांनी केले. त्यांवर येथे थांबण्याचे कारण नाही, कारण १९४४ चा ‘रामशास्त्री’ वाट पाहत आहे.

१९४२ मध्ये शांताराम प्रभात सोडून गेले, आणि कंपनीचे काय होणार ही चिंता मराठी रसिकाला पडली. ‘रामशास्त्री’ हे तिचे उत्तर होते. राजा नेने, बेडेकर आणि स्वतः जागीरदार अशा तिघांचा हात दिग्दर्शनाला लागला. इतके हात बदलूनही जी कलाकृती एकजिनसी राहते, तिचा कणा मध्यवर्ती भूमिकेतच असला पाहिजे, आणि ती भूमिका जागीरदारांची होती. नारायणराव पेशव्यांचा ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात खून झाला, आणि ज्याच्या हाती दौलतीची सत्ता आली त्या रघुनाथरावालाच न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी देहान्त प्रायश्चित्त सांगितले, ही कथा महाराष्ट्रात शाळकरी मुलालाही पाठ असते. पाठ असलेली कथा सांगणे नटाला अवघड जाते, कारण टाळीचे वाक्य कोठे येणार हे प्रेक्षकाला आधीच ठाऊक असते. जागीरदारांनी ते वाक्य टाळीसाठी राखून ठेवले नाही. त्यांचा शास्त्री निकाल सांगताना आवाज चढवीत नाही. शास्त्राधार पाहून उत्तर देणाऱ्या पंडिताचा तोच सपाट, नेमका स्वर तेथेही कायम राहतो, आणि सत्तेला खरी धडकी भरते ती या सपाटपणाची. ललिता पवारांची आनंदीबाई समोर असताना तर दोन अभिनयपद्धतींचा तो सामनाच होतो: एकीकडे महत्त्वाकांक्षेची धग, दुसरीकडे न्यायासनाची अढळ थंडाई.

मिर्झा आणि रामशास्त्री या भूमिका वरवर पाहता परस्परांपासून फार दूरच्या. एक खेड्यातला मुसलमान, दुसरा पेशवाईतला वेदशास्त्रसंपन्न ब्राह्मण. तथापि, माणसाला त्याच्या जातीपंथाच्या ठरीव साच्यातून न पाहता त्याच्या आचरणातून पाहावे, हा एकच धडा या नटाने दोन्हीकडे गिरवला. शास्त्र्याचे सोवळे आणि मिर्झाची नमाज या दोहोंना त्याने सारखाच मान दिला.

स्वातंत्र्याच्या आगेमागे त्यांनी स्वतंत्रपणे चित्रपट केले. १९४७ च्या ‘जेलयात्रा’मध्ये राज कपूर आणि कामिनी कौशल होते, पुढे मराठीत ‘उमाजी नाईक’ आणि १९६१ चा ‘वैजयंता’ त्यांनी दिग्दर्शित केला. दिग्दर्शक म्हणून त्यांची कामगिरी नेटकी आहे, परंतु नट म्हणून त्यांनी जी उंची गाठली ती दिग्दर्शनात त्यांना लाभली, असे मी म्हणणार नाही.

त्याऐवजी त्यांच्या आयुष्यातील एका फार मोठ्या, आणि आपल्याकडे कमी बोलल्या गेलेल्या, गोष्टीचा उल्लेख केला पाहिजे. प्रभातचा व्यवहार १९५० च्या दशकाच्या आरंभी आटोपला. तिच्या पुण्यातील जागेवर १९६० साली केंद्र सरकारने फिल्म इन्स्टिट्यूट स्थापन केली, आणि १९६१ मध्ये तिचे पहिले प्रमुख म्हणून जागीरदारांची नेमणूक झाली. ज्या आवारात त्यांनी मिर्झा आणि रामशास्त्री उभे केले, त्याच आवारात नव्या पिढीला शिकविण्याची व्यवस्था लावण्याचे काम त्यांच्याकडे आले. ते या पदावर फार काळ राहिले नाहीत. तरी अभिनय हा शिकविता येतो, त्याला पद्धत असते, ही श्रद्धा त्यांची जुनीच होती. या विषयावर त्यांनी मराठीत पुस्तकही लिहिले. ईश्वरी देणगीच्या गोष्टी सांगून शिष्याला वाटेला लावण्याची आपल्याकडील रीत पाहता, एका अनुभवी नटाने आपली विद्या कागदावर उतरविणे हे मोठेच औदार्य होते.

पुढील पंचवीसेक वर्षे हिंदी चित्रपटाने त्यांना चरित्रनट म्हणून वापरले. ‘हम दोनों’मध्ये ते साधनाचे वडील आहेत. ‘गाईड’मध्ये भोला आहेत, म्हणजे ज्याच्या निर्व्याज श्रद्धेमुळे एका फसलेल्या, भटकलेल्या राजूचा गावोगाव पुजला जाणारा महात्मा होतो, तो खेडूत. हे काम छोटे दिसते. पण भोलाच्या श्रद्धेत तिळमात्र मूर्खपणा दिसला असता तर चित्रपटाचा सारा उत्तरार्ध कोसळला असता. देव आनंदच्या राजूला शेवटी उपोषणाचे ओझे खरोखरीच उचलावे लागते, ते या भोलाच्या डोळ्यांमुळे.

हे चित्रपट त्यांच्या मुलखातही पोहोचत होते; अमरावती हे त्या काळी चित्रपट-वितरणाचे मोठे ठाणे होते. ‘सी. पी. बेरार’ हा प्रांत नकाशावरून गेला, वऱ्हाड १९५६ साली मुंबई राज्यात आला, तरी सिनेमाच्या व्यापारात त्या विभागाचे नाव तेच राहिले. अमरावतीच्या राजकमल, चित्रा, श्याम या चौकांतून जाताना आजही टॉकीजांच्या त्या जमान्याची आठवण होते. अकोला, खामगाव, अकोट, मूर्तिजापूर येथे चित्रपटांचे डबे पोहोचत, आणि कापूस विकून आलेला शेतकरी रात्रीच्या खेळाला बसे. त्या पडद्यावर साहेब, वकील, बाप, मौलवी अशी कामे करणारा वृद्ध आपल्याच जिल्ह्याचा आहे, हे त्यांतील किती जणांनी ओळखले असेल? नायकाचे गाव सर्वांना ठाऊक असते, चरित्रनटाचे कोणी विचारीत नाही. वऱ्हाडाने हे विचारावयास हवे होते, अशी माझी तक्रार आहे.

१९८१ मध्ये मुजफ्फर अली यांच्या ‘उमराव जान’मध्ये जागीरदार मौलवी झाले. कोठ्यावर आणून विकलेल्या मुलीला अक्षरओळख आणि शायरीची गोडी लावणारा हा वृद्ध शिक्षक रूढ अर्थाने पवित्र स्थळी राहत नाही. पण त्याच्या भोवतीची अदब इतकी अस्सल आहे की, त्या घरात त्या मुलीला माणूस म्हणून वागविणारे कोणीतरी आहे, याचा आधार प्रेक्षकाला वाटतो. लखनौच्या तहजीबीवरच्या चित्रपटात, शौकत कैफी आणि दीना पाठक यांच्या बरोबरीने, उर्दूच्या उस्तादाचे काम करावयास एका अमरावतीच्या मराठी माणसाला बोलवावे, आणि ते कोणालाही विजोड वाटू नये! चाळीस वर्षांपूर्वी मिर्झाला खोटी दाढी लावावी लागली होती. आता चौऱ्याहत्तराव्या वर्षी वय आणि भूमिका यांचा मेळ आपोआप बसला होता, आणि उच्चारांतील ती जुनी घरगुती सहजता तशीच होती.

आयुष्याच्या अखेरीस ते पुन्हा पेशवाईत गेले. रणजित देसाई यांच्या ‘स्वामी’ कादंबरीवरील दूरदर्शन मालिकेचे दिग्दर्शन त्यांनी केले. रवींद्र मंकणी माधवराव झाले, आणि रमाबाईंच्या भूमिकेत मृणाल देव ही शाळकरी वयाची मुलगी प्रथमच कॅमेऱ्यासमोर आली, जी पुढे मृणाल कुलकर्णी म्हणून घराघरांत पोहोचली. माधवरावांच्याच दरबारात रामशास्त्र्यांनी न्यायदानाचा दबदबा बसविला होता. म्हणजे ज्या वाड्यात १९४४ मध्ये हा नट न्यायासनावर बसला होता, त्याच वाड्याची कथा ऐंशी वर्षांच्या वयात तो नवख्या नटनट्यांकडून करवून घेत होता. आणि महाराष्ट्र आस्थेने ती मालिका पाहत होता. ऑगस्ट १९८८ मध्ये जागीरदारांचे निधन झाले. बेडेकर त्यांच्यामागे दहा वर्षे जगले. ‘एक झाड आणि दोन पक्षी’ हे बेडेकरांचे आत्मचरित्र अमरावती-अकोल्याच्या ग्रंथालयांतून आजही वाचले जाते; त्याच्या शेजारी जागीरदारांच्या आठवणींचे ‘पाऊलखुणा’ हे पुस्तक ठेवले जावे, आणि या दोघांचा ‘शेजारी’ त्यांच्या गावातील कॉलेजांच्या पोरांना वर्षातून एकदा तरी मोठ्या पडद्यावर दाखविला जावा, एवढे काम अमरावतीच्या नाट्यसंस्थांनी अंगावर घेण्याजोगे आहे.