साचा : मूर्तीचा आणि स्लाइडचा

पेणमध्ये लहानाचा मोठा झालेल्या मुलाला साचा म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. माझे वडील गणपतीच्या कारखान्यात कामाला आहेत. रबराचा साचा, बाहेरून त्याला आधार देणारे प्लास्टरचे कवच आणि आतून निघणारी कच्ची मूर्ती हे मी शाळेत जाण्यापूर्वीच पाहिले होते. संगणकाला मात्र महाविद्यालयात आल्यावर प्रथम हात लागला.

गेल्या सत्रात ‘पेणची मिठागरे’ या विषयावर वर्गापुढे बोलायचे होते. घरी संगणक नसल्याने बावीस स्लाइड बाहेरून टाइप करून आणल्या. विभागातल्या संगणकावर फाइल उघडली, तो पडद्यावर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांची नुसती खिचडी! मागच्या बाकावर हशा पिकला. घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. तो हशा अजून कानांत आहे.

कारण नंतर कळले. जुन्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरांची चित्रे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असतात. तो फॉन्ट दुसऱ्या संगणकावर नसेल तर खालची इंग्रजी अक्षरे उघडी पडतात. युनिकोडमध्ये ‘क’ हा ‘क’च राहतो. विंडोजमधला ‘मंगल’ हा युनिकोड फॉन्ट सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवला. ‘मुक्ता’ मोफत मिळतो. युनिकोडमध्येही ठरावीक फॉन्टच दिसावा असे वाटत असेल तर पर्यायांतल्या ‘सेव्ह’मध्ये जाऊन तो फाइलीतच समाविष्ट करावा. सगळेच फॉन्ट तशी परवानगी देत नाहीत.

मग सारे नव्याने टाइप केले आणि दुसरी चूक केली. शीर्षकाचा आकार बावीस ठिकाणी हाताने बदलत बसलो. वडिलांना सांगितले तेव्हा ते हसले. साच्याच्या कानाशी खपली उडाली, तर निघणाऱ्या प्रत्येक मूर्तीच्या कानाशी तीच खोट येते. म्हणून कारागीर मूर्त्या तासत बसत नाही, आधी साचा दुरुस्त करतो.

पॉवरपॉइंटमध्ये हा साचा ‘व्ह्यू’ या यादीतल्या ‘स्लाइड मास्टर’मध्ये असतो. डावीकडे सर्वांत वर दिसते ती मूळ स्लाइड. तिच्याखाली तिच्या मांडण्या : शीर्षकाची, मजकुराची, चित्राची. फॉन्ट, रंग, कॉलेजचे बोधचिन्ह वरच्या स्लाइडवर ठरवले की खालच्या मांडण्या ते उचलतात. मजकूर मात्र मांडणीतल्या चौकटीतच लिहावा. आपण वेगळा चौकोन काढून लिहिले, तर साचा बदलल्यावर तो चौकोन जागचा हलत नाही. माझ्या निम्म्या स्लाइड अशाच हट्टी निघाल्या.

तयार साचे शेकड्याने मिळतात, मग स्वतःचा कशाला? माझ्या मते मुख्य कारण आपली लिपी. त्यांतले बहुतेक साचे रोमन अक्षरे डोळ्यांपुढे ठेवून केलेले. ‘र्की’ची वेलांटी व रफार वरच्या ओळीत घुसतात, ‘कृ’चा पाय खालच्या ओळीला लागतो. म्हणून मास्टरमध्येच ओळींतले अंतर वाढवून ठेवावे. शिवाय आमच्या वर्गाच्या खिडक्यांना पडदे नाहीत. गडद निळी पार्श्वभूमी घरच्या अंधारात शोभेल; भर दुपारी पांढऱ्यावर काळेच वाचता येते. (रंगांची हौस असणाऱ्यांनी रागावू नये.)

शेवटी ‘सेव्ह अ‍ॅज’मध्ये ‘पॉवरपॉइंट टेम्प्लेट’ हा प्रकार निवडावा. फाइलीच्या नावापुढे पीओटीएक्स लागते. तिच्यावर दोनदा टिचकी मारली की नवी, बिननावाची फाइल उघडते आणि मूळ साचा शाबूत राहतो. फुकटच्या लिब्रेऑफिस इम्प्रेसमध्येही अशीच सोय आहे.

मूर्तीच्या डोळ्यांची आखणी साच्यातून निघत नाही, ती हातानेच करावी लागते. माझ्या साच्यातही चित्राची जागा मी मुद्दाम मोठी आणि रिकामी ठेवली आहे. मिठागराच्या स्लाइडवर तिथे मिठाच्या राशीचा फोटो बसवला. तो भरतीच्या आधी घाईने काढल्यामुळे जरा तिरका आला आहे.

हा साचा विभागातल्या संगणकावर ठेवला आहे. ज्यांना हवा त्यांनी जरूर घ्यावा. चित्राच्या मांडणीत तळाचा स्लाइड क्रमांक अजून थोडा उजवीकडे सरकलेला आहे, तेवढा कोणी नीट करून दिला तर बरे होईल.