नळाचं पाणी आणि पक्षांचा चंदा

पातूरमध्ये नळ आले की घरातली बाकीची कामं थांबतात. गुंड, बकेटा, टाकी, सगळं भरून घ्यायचं. पाणी चुकलं की आपण नगरपरिषदेच्या नावानं ओरडतो. पण धरणातलं पाणी कुणाला किती, हे पुष्कळदा मुंबईत ठरतं.

आपल्या अमरावती विभागातलंच अप्पर वर्धा धरण घ्या. शेतीच्या सिंचनासाठी बांधलेलं. त्यातलं वर्षाला ८.७६ कोटी घनमीटर पाणी नांदगाव पेठच्या औष्णिक वीज प्रकल्पाला मंजूर झालं. शेतकरी रस्त्यावर उतरले. तेव्हा असे निर्णय मंत्र्यांची उच्चाधिकार समिती घ्यायची. २००३ च्या राज्य जलनीतीत पिण्यानंतर उद्योगाचा नंबर होता, शेतीचा त्याच्याही मागे. २०११ मध्ये शेती दुसऱ्या नंबरवर आली खरी, पण त्याच वर्षी कायदा बदलून आधीच्या मंजुऱ्याही कायम केल्या गेल्या.

पाणी आणि ठेके सरकार देतं, सरकार पक्ष चालवतात आणि पक्षांना कंपन्या चंदा देतात. म्हणून तो चंदा दिसायला हवा. पूर्वी कंपनीला तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच देता यायचं. २०१७ मध्ये ही मर्यादा काढली आणि २०१८ पासून निवडणूक रोखे आले. स्टेट बँकेतून रोखा घ्या, पक्षाला द्या, नाव गुप्त. आपल्या मोहल्ल्यात मस्जिदीच्या पन्नास रुपयांची पावती फाडतात, आणि इथं कोटींचा हिशेब जनतेला नाही!

१५ फेब्रुवारी २०२४ ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी एकमतानं ही योजना रद्द केली. मार्चमध्ये नावं बाहेर आली. दुसऱ्या क्रमांकाची खरेदीदार हैदराबादची मेघा इंजिनिअरिंग, ९६६ कोटी. सिंचन आणि पाणीपुरवठा योजनांची मोठमोठी कामं करणारी ही कंपनी. रोखे घेतले म्हणजे लाच दिली, असं होत नाही. पण नावच झाकलेलं असेल तर विचारायचं तरी कुणाला?

मुलं वर्गात विचारतात, "मॅडम, आपण काय करणार?" रोखे गेले, चंदा चालूच आहे. २० हजारांहून जास्त देणाऱ्यांची नावं पक्षांना निवडणूक आयोगाला द्यावी लागतात, ती यादी आयोगाच्या वेबसाइटवर असते. गावातल्या पाणी योजनेचा ठेकेदार, अंदाजपत्रक आणि कामाची मुदत माहिती अधिकारात १० रुपये भरून मागता येते, उत्तर ३० दिवसांत यायला हवं. अर्ज मराठीत, साध्या कागदावर चालतो. ठेकेदाराचं नाव हाती आलं की ते त्या यादीत शोधायचं.