विहीर किती खोल? दोन मुलखांतील पतपुरवठ्याची गोष्ट



शिवारात एका विहिरीवर मे महिन्यातही मोटार चालते आणि शेजारची विहीर होळीलाच तळ दाखवते. दोन्हींचे तोंड सारखेच, फरक असतो तो खोलीचा. गावच्या पैशाचेही तसेच आहे. शाखा किती, खाती किती, हे झाले विहिरीचे तोंड. ठेव किती जमते, तीतून शेतीला कर्ज किती मिळते आणि ते फिरून परत किती येते, ही झाली खोली.

नगर जिल्ह्यातले लोणी घ्या. मुंबई इलाख्यात 1911 सालीच प्रांतिक सहकारी बँक निघाली आणि तिने नीरा कालव्यावरच्या ऊसवाल्यांना कर्ज दिले. लोणीत विठ्ठलराव विखे पाटलांनी 1923 साली गावची पतपेढी काढली. प्रवरेच्या साखर कारखान्याचा पहिला गळीत हंगाम आला 1950-51 साली. म्हणजे आधी पतपेढी, मग चिमणी. मधली पंचवीसेक वर्षे शेअर घेणे, हप्ता भरणे, हिशेब विचारणे याची सवय लागण्यात गेली.

आता आपले देगलूर पाहा. 1948 पर्यंत आपण निजामी मुलखात. नाणेसुद्धा वेगळे! सात रुपये हाली सिक्का द्यावा तेव्हा सहा रुपये कलदार मिळत. सहकाराचा कायदा निजामाकडेही होता, पण सरकारी बँक, म्हणजे हैदराबाद स्टेट बँक, निघाली ती 1941 साली. गरजेला उभा राहायचा तो सावकार. पेरणीला नेलेले धान्य सुगीला सवाई-दिडीने मापून द्यायचे. घरात शिल्लक काय राहणार आणि ठेव कशाची ठेवणार?

तरी आपणच तेवढे मागे होतो असे समजू नका. 1951-52 च्या ग्रामीण पतपाहणीत दिसले, की देशभर शेतकऱ्याच्या शंभर रुपये कर्जात सहकारी संस्थांचे होते जेमतेम तीन, सावकारांचे सत्तरच्या घरात.

पुढे 1969 साली चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. 1976 साली नांदेडला मराठवाडा ग्रामीण बँक निघाली. 2014 पासून जनधन खाती घरोघर आली. तिकडे आफ्रिकेत केनियातही 2007 पासून मोबाईलवरून पैसे खेडोपाडी जाऊ लागले. विहिरीचे तोंड रुंदावले, हे चांगलेच झाले. पण पैसे पोचणे वेगळे आणि पाइपलाइनीला पाच-सात वर्षांचे कर्ज मिळणे वेगळे.

खोली सभासदानेच खणायची असते. गावच्या सोसायटीला पैसा जिल्हा बँकेकडून येतो. थकबाकी वाढली की वरचा झरा आटतो आणि वेळेवर भरणाऱ्यालाही कोरडे राहावे लागते. ऊसबिल खात्यावर पडले की दुसऱ्या दिवशी खाते रिकामे! मग बँकेने शेजाऱ्याला कर्ज द्यायचे ते कशातून?

मात्र ठेव डोळे उघडे ठेवून ठेवा. 2020 साली बँकेतल्या ठेवीचे विमासंरक्षण माणशी एका बँकेत 5 लाखांपर्यंत वाढले. सहकारी बँकांनाही ते आहे, पतसंस्थांना नाही. तिथे दोन टक्के जादा व्याज ऐकून पैसे ठेवण्याआधी ताळेबंद मागा, सभेला जा, थकबाकी विचारा. लोणीकरांनी पंचवीस वर्षे हेच केले. आपल्याला कुणी अडवले आहे?