तेहतीस गोपद्मे

कलाशाखेच्या मुलांना एक प्रकल्प हमखास करावा लागतो. आपल्या संस्कृतीतील, स्वतःला जवळची वाटणारी एक प्रतिमा निवडायची आणि तिच्यावर चित्र करायचे. विषय सोपा वाटतो. कोयरी आहे, मोर आहे, पैठणीचा काठ आहे. पण यांतले 'जवळचे' कोणते, असे विचारले की भली भली मंडळी गप्प होतात.

आमच्या लेकीने आधी वारली चित्रांतला फेर धरलेला नाच निवडला होता. चहाच्या कपांपासून उशांच्या अभ्र्यांपर्यंत ती चित्रे आता घरोघरी पोहोचली आहेत. पण वारल्यांच्या घरी लग्नाचा चौक केवळ शोभेसाठी नसतो. सवाशिणी तांदळाच्या पिठाने तो भिंतीवर काढतात, मध्ये पालघाट देवी असते, आणि चौकाशिवाय लग्न लागत नाही. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी १९७०च्या दशकात ही कला कागदावर नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. हे सारे वाचून लेकच म्हणाली, "बाबा, हे फार सुंदर आहे, पण ते त्यांचं आहे. आपल्या घरात काय होतं?"

मला आईची गोपद्मे आठवली. चातुर्मासात, आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत, ती रोज ३३ गोपद्मे काढायची. गाईच्या खुरांचे ते इवलेसे ठसे. गिरणगावातल्या आमच्या खोलीला ना अंगण होते, ना दारी गाय. आई देवापुढच्या पाटावर रांगोळी घालायची. दुसऱ्या दिवशी पाट पुसायचा आणि पुन्हा पहिल्यापासून.

आई आता ऐंशीच्या पुढे आहे. नात वही घेऊन तिच्याजवळ बसली. "आजी, तू हे व्रत कधी धरलंस गं?"

"संपाच्या वर्षी," आई म्हणाली.

१९८२चा गिरणी संप. वडील घरी बसलेले, वाण्याची उधारी वाढत चाललेली. "रात्रंदिवस डोक्यात पैशांचा हिशेब चालायचा बघ. गोपद्मं मोजताना तेवढा वेळ तो थांबायचा."

मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. रोज तो पाट ओलांडून शाळेत जात होतो; पण हे मला आजवर ठाऊक नव्हते.

लेकीने जुन्या पाटावरच चित्र केले. तीस गोपद्मे तिची, शेवटची तीन आजीची. आजीचा हात कापतो, त्यामुळे त्या तिन्हींची रेघ वेडीवाकडी आली आहे. लेकीने ती तशीच ठेवली.

आपल्याही घरी असा प्रकल्प येईल. पुस्तके जरूर चाळावीत. पण आधी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावे, की तुम्ही रोज काय काढत होता, आणि का? उत्तर देणारे माणूस समोर आहे, तोवरच विचारायला हवे.