टॉनिकच्या बाटलीआधी रक्ताची तपासणी



उसाचे बिल खात्यावर जमा झाले की घरातली राहिलेली कामे निघतात. कुणाला चष्मा करायचा असतो, कुणाला म्हाताऱ्या आईला मोठ्या डॉक्टरला दाखवायचे असते. मग मंडळी नागपूर गाठतात आणि सदरला उतरतात. रेसिडेन्सी रोड, मंगळवारी बाजार या बाजूला दवाखानेही आहेत आणि औषधाची दुकानेही. चिठ्ठीवरची औषधे घेऊन झाली की काउंटरवर मांडलेल्या रंगीत डब्यांकडे नजर जाते. एक डबा ताकदीसाठी, दुसरा कानाच्या नसांसाठी, तिसरा हृदयासाठी. "घेऊन टाकू, आईला बरं वाटेल," असे म्हणून दोन-तीन डबे पिशवीत पडतात. हल्ली तर ओळखीतलाच कुणी एजंट हे डबे घेऊन गावात दारापर्यंत येतो.

या डब्यांना पूरक आहार किंवा फूड सप्लिमेंट म्हणतात. जीवनसत्त्वे, लोह, कॅल्शियम, माशाचे तेल, वनस्पतींचे अर्क असे काही ना काही त्यात असते. यांचा उपयोग होतो का? याचे उत्तर एका वाक्यात द्यायचे तर असे: ज्याच्या शरीरात त्या घटकाची कमतरता आहे त्याला होतो, ज्याच्यात कमतरता नाही त्याला सहसा होत नाही. आणि कमतरता आहे की नाही हे डब्याकडे पाहून कळत नाही, तपासणीने कळते.

उसाचा केवडा आणि माणसाचा अशक्तपणा

ही गोष्ट ऊस उत्पादकाला वेगळी सांगायला नको. खोडव्याची कोवळी पाने पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, तर आपण त्याला केवडा म्हणतो. चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही मुळांना ते उचलता येत नाही. तिथे हिराकसाची, म्हणजे फेरस सल्फेटची फवारणी लागू पडते. पण तोच ऊस पाणी साचून पिवळा पडला असेल तर चर काढावा लागतो. हुमणीने मुळ्या खाल्ल्या असतील तर हुमणीचा बंदोबस्त करावा लागतो. तिथे कितीही हिराकस फवारले तरी पैसा पाण्यात.

माणसाचेही तसेच आहे. "डॉक्टरसाहेब, अंगात ताकदच नाही, काहीतरी ताकदीचं लिहून द्या," ही तक्रार रोजची. पण थकव्याची कारणे अनेक आहेत. रक्त कमी असणे, मधुमेह, थायरॉइड, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, झोप न होणे, मनाची उदासी, क्षयरोग, कधी हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार. या सगळ्यांवर एकच बाटली कशी चालेल?

आपल्याकडे सर्वांत जास्त सापडते ते रक्त कमी असणे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के आणि पुरुषांपैकी २५ टक्के जणांना रक्तक्षय आढळला. महाराष्ट्रातही निम्म्याहून अधिक स्त्रियांची हीच अवस्था आहे. यातल्या पुष्कळांना लोहाची गोळी खरोखर लागू पडते. ती महागड्या डब्यातच मिळते असे नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि उपकेंद्रात लोह व फॉलिक ॲसिडची गोळी मोफत मिळते. प्रौढांच्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असते. अनेक गोळ्यांत हे लोह फेरस सल्फेटच्याच रूपात असते, म्हणजे आपल्या हिराकसाचेच शुद्ध औषधी रूप. (शेतातले हिराकस मात्र कुणी तोंडात घालू नये.)

चुनखडी जशी उसाचे लोह अडवते तसा चहा आपले अडवतो. जेवणावर लगेच चहा घेतला तर अन्नातले लोह अंगी कमी लागते. उलट लिंबू, आवळा, आपला नागपुरी संत्रा यांतले क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करते. तेव्हा गोळी चहाबरोबर घेऊ नये. जेवण आणि चहा यांत तास-दीड तासाचे अंतर ठेवावे.

शेतात अनवाणी चालणाऱ्यांच्या तळपायातून अंकुशकृमी शिरतो, आतड्याला चिकटतो आणि रक्त पितो. ही माणसाच्या पोटातली हुमणीच म्हणा ना! जंताचे औषध न घेता नुसते टॉनिक पीत राहिले तर भरलेले रक्त पुन्हा जाते. पायात चप्पल-बूट आणि घरी शौचालयाचा वापर, हाही रक्तवाढीचाच उपाय आहे.

विदर्भासाठी आणखी एक सूचना. आपल्या भागात सिकलसेलचा आजार आढळतो. त्यातही रक्त कमी दिसते, पण त्याचे कारण लोहाची कमतरता हे नसते. अशा रुग्णाला न तपासता लोह देत राहणे हिताचे नाही, कारण जादा लोह शरीरात साठत जाते. सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान जुलै २०२३ मध्ये सुरू झाले आहे. आरोग्य केंद्रात याची तपासणी होते, ती एकदा करून घ्यावी.

बी-१२ ची गोष्टही अशीच. हे जीवनसत्त्व दूध, दही, अंडी, मांस, मासे यांत असते. भाजीपाल्यात जवळजवळ नसते. शुद्ध शाकाहारी माणसे, वयस्कर माणसे आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिनची गोळी वर्षानुवर्षे घेणारे, यांच्यात ते कमी पडू शकते. थकवा, पायाला मुंग्या, तोल जाणे अशी लक्षणे दिसतात. इथे पूरक गोळी किंवा इंजेक्शन हाच खरा उपचार असतो. मधुमेही सभासदाने ताकदीचे गोड टॉनिक मात्र विचारल्याशिवाय घेऊ नये, त्यात बरीच साखर असू शकते.

कानाला गोळी चालते काय?

आतल्या कानात केसासारख्या बारीक पेशी असतात. आवाजाची लहर त्या पकडतात आणि मेंदूकडे पोहोचवतात. मोठ्या आवाजाने किंवा वयाने त्या एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. त्या उगवून आणणारी गोळी आजपर्यंत निघालेली नाही.

कानात सतत गुणगुण ऐकू येते, त्यावर जिंको नावाच्या झाडाचा अर्क विकतात. इंग्लंडमध्ये सुमारे अकराशे लोकांवर याची चाचणी झाली, ती २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी खोटी. १२ आठवड्यांनी दोन्ही गटांत फरक दिसला नाही. अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संस्थेने तर २०१४ मध्ये कानातल्या आवाजासाठी जिंको, जस्त किंवा इतर पूरक गोळ्या सुचवू नयेत, असाच सल्ला दिला.

मग कानासाठी काय करावे? आवाज कमी करावा. कारखान्याच्या मिल हाऊसमध्ये, टर्बाइनजवळ, बिनकेबिनच्या ट्रॅक्टरवर, लग्नाच्या डीजेसमोर कान झिजतात. खूण सोपी आहे: हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल तर तो आवाज कानाला घातक आहे. तिथे कानात बोळे, म्हणजे इअरप्लग घालावेत. आयोडीनयुक्त मीठ वापरावे, कारण गरोदरपणी आयोडीनची फार कमतरता असेल तर बाळ बहिरे जन्मू शकते. ऐकू कमी येत असेल तर आधी कान तपासून घ्यावा. कधी नुसता मळ निघतो आणि काम भागते. आणि एका कानाने एकाएकी ऐकू येईनासे झाले तर डब्याची वाट न पाहता त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी तज्ज्ञाकडे जावे. त्यावर उपचार आहे, पण दिवस गेले की तो लागू पडत नाही.

हृदयाचा डबा

हृदयासाठी माशाच्या तेलाच्या, ओमेगा-३ च्या गोळ्या फार खपतात. २०१८ मध्ये अमेरिकेतील २५,८७१ लोकांवरच्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. रोज एक ग्रॅम तेल घेऊनही हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू यांचे एकूण प्रमाण म्हणण्यासारखे घटले नाही. त्याच वर्षी मधुमेहींवर झालेल्या दुसऱ्या चाचणीतही तेच दिसले. बहुजीवनसत्त्वाच्या गोळीने हृदयविकार टळत नाही, हे २०१२ मध्येच १४,६४१ डॉक्टरांवरील अभ्यासात दिसले होते. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्यांना बीटा-कॅरोटीन दिले, तेव्हा फुप्फुसाचा कर्करोग उलट वाढलेला आढळला. तो अहवाल १९९४ चा. म्हणजे जीवनसत्त्व आहे, काय बिघडते, असे म्हणून चालत नाही.

आपल्या घरच्या जवसाच्या चटणीतही ओमेगा-३ आहे. ती औषध म्हणून नव्हे, भाकरीबरोबर जरूर खावी. पण हृदय राखायचे तर रक्तदाब मोजणे, मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत ठेवणे, रोज चालणे आणि तंबाखू सोडणे, हे उपाय खात्रीचे. खर्रा तोंडात ठेवून हृदयाची गोळी गिळण्यात काय अर्थ?

सर्वांत मोठा धोका पुढेच आहे. डबा सुरू केला की काहीजण रक्तदाबाची किंवा साखरेची गोळी बंद करतात. "आता हे नैसर्गिक घेतोय ना!" गोळी बंद, दाब वर, आणि एके पहाटे अर्धे अंग जाते. बाटलीच्या पैशांपेक्षा हे नुकसान फार मोठे आहे.

डबा घेण्यापूर्वी

१. डब्यावरचे बारीक वाचा. पूरक आहारावर "नॉट फॉर मेडिसिनल यूज", म्हणजे औषध म्हणून वापरण्यासाठी नाही, असे छापणे बंधनकारक आहे. अन्न सुरक्षा परवान्याचा १४ आकडी क्रमांक हा उत्पादकाचा परवाना आहे, गुण येईल याची हमी नव्हे.

२. बहिरेपणा, हृदयविकार, रक्तदाब, मधुमेह बरा करतो अशी औषधाची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. अशी हमी देणारा कायदा मोडतो आहे, हे ओळखा.

३. हिमोग्लोबिन, साखर, रक्तदाब आणि डॉक्टर सांगतील तर थायरॉइड व बी-१२, एवढे आधी तपासा.

४. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर जिंको, माशाचे तेल, ई जीवनसत्त्व विचारल्याविना घेऊ नका. रक्तस्राव वाढू शकतो.

५. ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची गोळी बहुधा आठवड्याला एक असते. ती रोज घेतल्यास रक्तात कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला इजा होते.

६. लोहाच्या गोळ्या लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. जास्त गोळ्या गिळल्यास जीवावर बेतते.

७. चालताना छातीत दडपण, दम लागणे, डाव्या हातात कळ, दरदरून घाम असे झाले तर टॉनिक नको. लगेच १०८ क्रमांकाला फोन करा.

माती परीक्षण केल्याशिवाय आता आपण खताची मात्रा ठरवत नाही. पूर्वी अंदाजाने पोती टाकत होतो, तेव्हा खर्च वाढला आणि जमिनीही बिघडल्या. तोच धडा घरातल्या माणसांना लावावा. यंदा बिलाच्या पैशातून सदरला जाल तेव्हा पहिला खर्च तपासणीवर करा. तिचा कागद पाहून डॉक्टर सांगतील ती गोळी, सांगतील तितके दिवस घ्या. उरलेल्या पैशाची डाळ, दूध, अंडी, भाजी आणि संत्री घरी न्या.